विहिरीवरचा दिवा

रिहे गावात आमच्या मागच्या खोलीत एक साहेब भाड्याने राहतात. जमिनीखालच्या भोकाभोकांच्या खडकात हायड्रोजन साठवता येईल का, हे तपासायचं त्यांचं काम. बोअरमधून काढलेल्या दगडावर ते पाण्याचा थेंब सोडतात आणि तो जिरेपर्यंत वाकून बघत राहतात. "प्यायला बघा दगड, दादा," म्हणतात. बोलताना शेवटी "काळजी नको" हे ठरलेलं, अगदी चहात साखर कमी पडली हे सांगतानासुद्धा.

माणूस तसा देवभोळा. आई तिन्हीसांजेला विहिरीच्या काठावर दिवा लावते. जाता-येता साहेब बूट काढून त्याला हात जोडतात.

काल त्यांनी शेजारच्या बोअरमध्ये दाबाने हवा सोडली. ही फक्त चाचणी, हायड्रोजन अजून आलेलाच नाही, असं म्हणाले होते. संध्याकाळी आमच्या विहिरीत बुडबुडे यायला लागले, रटरट भात शिजावा तसे. मी हाक मारली तसे साहेब धावत आले.

"नुसती हवा आहे. काळजी नको."

मग त्यांची नजर दिव्यावर गेली. बूट न काढताच ते पुढे झाले आणि फुंकर मारून त्यांनी दिवा विझवला. आमच्यात दिव्याला कुणी फुंकर मारत नाही.

"हवाच हाय, तर दिवा कशापायी इझवला?" आईने विचारलं.

साहेब वाकून बुडबुडेच बघत राहिले.

आज पुन्हा तिन्हीसांज झाली आहे. बुडबुडे थांबलेले नाहीत. आई काडेपेटी घेऊन विहिरीपाशी उभी आहे, आणि तिला लाव म्हणायला माझी जीभ रेटत नाही.