चाचा आणि उडालेली उणे चिन्हं

स्वल्पविरामाच्या जिवाची काळजी वाहणारा अख्ख्या मराठवाड्यात एकच माणूस होता, आणि तो लातूरच्या आमच्या कोचिंग क्लासमध्ये जिन्याखालच्या खोलीत बसायचा. सगळे त्यांना चाचा म्हणत. उमेदीची वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. पुढे संगणक शिकून ते आमच्या प्रश्नपत्रिका वेबसाइटवर चढवू लागले. लेकीच्या लग्नपत्रिकेत एक जादा पूर्णविराम पडला, तर तो त्यांनी झाडून सगळ्या पत्रिकांवरून ब्लेडने खरवडून काढला होता. हॉटेलच्या पाटीवर 'ताजी' भजी असं अवतरणात दिसलं की मालकाला सांगायचे, "अशानं गिऱ्हाइकाला शंका येती."

फाइलचं वेबपान करताना चिन्हांची दैना होते. अवतरणांच्या जागी चौकटी येतात, लांब रेघेचं प्रश्नचिन्ह होतं. 'पेक्षा लहान'चं टोकदार चिन्ह तसंच ठेवलं, तर ब्राउझरला तो आपल्यालाच दिलेला हुकूम वाटतो आणि पुढचं वाक्य तो गिळून टाकतो. "त्याला तोंड झाकून पाठवायचं, मास्तर," चाचा मला म्हणायचे आणि चिन्हाऐवजी त्याचं सांकेतिक नाव टाइप करायचे.

एकदा ते तापाने घरी असताना संचालकांनी माझी रसायनशास्त्राची चाचणी घाईने तशीच चढवली. उणे चिन्हं उडाली. ज्यांना येत होतं, त्यांचीच उत्तरं चूक ठरली. आम्ही निकाल सुधारला, पण तोवर वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, खालच्या बॅचमध्ये आपलं नाव बघून, ट्रंक घेऊन हदगावला घरी निघून गेली होती. घरचे फोन उचलेनात.

चाचा कामावर आले, प्रश्नपत्रिकेचा मूळ कागद पिशवीत घातला आणि निघाले.

"फोन लागेल की उद्या," संचालक म्हणाले.

"हाव, लागंल. मी तोवर पोचतो."

मीही सोबत गेलो. मुलीचे वडील दारातच म्हणाले, "तिला न्हाई झेपत, सर. राहू द्या." चाचांनी ओट्यावर कागद पसरला. "बेटी, तुझं उत्तर बरोबर हाय. चूक आमची."

तिने कागदावरच्या उणे चिन्हावर बोट ठेवलं. "म्हंजे मला येत होतं?"

"तुला येतच होतं."

दोन दिवसांनी येते म्हणाली, आणि आली.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "चाचा, एवढ्यासाठी स्वतः कशाला यायचं?"

"भूकंपाच्या टायमाला सापडलेल्या माणसांची यादी छापून राहिलो होतो. जित्या माणसाच्या नावापुढं चांदणी. एका बाईची चांदणी माझ्याकडून राहिली. तिच्या नवऱ्यानं भिंतीवरची यादी वाचली अन् गुमान निघून गेला. ध्यानात आलं तसा मी स्टँडवर पळालो. गाडी सुटली होती."

"मग?"

"आठ दिवसांनी ती दवाखान्यातून बरी होऊन गावी गेली. भेटली त्याला."

"मग झालं की, चाचा."

"हाव, झालं," ते म्हणाले. "पण ते आठ दिवस त्याला कुणी वापस दिले न्हाईत."

बाहेर अर्धापूरच्या केळीच्या बागा लागल्या होत्या.