सगळ्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी

सकाळचे पावणेसात. निपाणीतल्या एका हायस्कूलचं मैदान. चार फेऱ्या मारून आम्ही चौघं कट्ट्यावर टेकलो होतो. रिटायर्ड हेडमास्तर देसाई सरांनी खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पांढरी गोळी ठेवली. ॲस्पिरिन. रक्त पातळ करायची. हार्ट ॲटॅक येऊ नये म्हणून!

बातमीदारीत आयुष्य गेलं की एक होतं. जे बातमीत बसत नाही ते डोक्यात साठत राहतं. कट्ट्यावरच्या या गोळीचं तसंच झालंय. मित्र भेटले की एक किस्सा सांगायला जातो, मागून चार येतात. पहिल्यांदा सगळे हसतात. पुढं हसत नाहीत.

*

नगरपालिकेला उभं राहायची हौस असलेल्या एका भाऊंनी शिबिर घेतलं होतं. तिथं या गोळ्या फुकट वाटल्या. आमच्या कट्ट्यासाठी तर सरांकडं अख्खा डबाच देऊन ठेवला. सरांना आयुष्यभर वाटपाची सवय, आधी पेपर, मग मार्कलिस्ट! समोर येईल त्याला गोळी.

एकदा एक शेतकरी मैदानात शिरलेली म्हैस न्यायला आला. सरांनी त्याच्याही हातावर गोळी ठेवली. "घ्या, हार्टला चांगली."

त्यानं गोळी उलटीसुलटी करून बघितली. "मला काय न्हाय झालेलं. म्हशीला चालंल काय?"

एवढा शहाणा प्रश्न त्या कट्ट्यावर आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता!

*

कट्ट्यावरचे बाळू अण्णा तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. चिमूट मळल्याशिवाय बोलायचे नाहीत. मी म्हणालो, "अण्णा, हार्टची गोळी खाताय, मग ही तरी सोडा."

"उलट रं! आता तर परमिटच मिळालं. रक्त पातळ झालं की तंबाखू आत थांबतीय कशाला? वाहून जातीय!"

सरांनी मान डोलावली. सर विज्ञान शिकवायचे.

*

मग अण्णांना दाढी करताना हनुवटीला कापलं. एवढंसं. सलूनवाला तुरटी घासून घासून थकला. "अण्णा, तुरटी संपाय आली, रक्त थांबंना की हो!"

दुसऱ्या दिवशी अण्णा हनुवटीला कापूस लावून कट्ट्यावर आले. आम्हाला काळजी वाटायला हवी होती. सर म्हणाले, "बघा! गोळी काम करतीय!"

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

*

आता माझी लाज. शिबिराची बातमी मीच दिली होती. भाऊंच्या माणसानं प्रेसनोट आणून दिली, मी दहा मिनिटांत टाईप केली. "निपाणीकरांच्या हृदयाला मोफत कवच!" सोबत फोटो. भाऊ एका म्हाताऱ्याच्या हातात गोळ्यांची स्ट्रिप देताहेत. स्ट्रिपवर भाऊंचा हसरा स्टिकर. मागं डॉक्टर कोण आहे, हे मी बघितलं नाही. फोटोत भाऊच एवढे होते की मागं कुणाला जागाच नव्हती!

फोटोतला म्हातारा म्हणजे आमचे तातोबा आप्पा. कट्ट्यावरचे चौथे. वय सत्तरच्या पुढं, गुडघे गेलेले, त्यासाठी पेनकिलर चालू. आप्पांनी ती बातमी कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवली. म्हणायचे, "पेपरात आलंय म्हणजे खोटं कशाला असंल?"

*

काही आठवड्यांनी आप्पांच्या मंडळी, सुशीलाक्का, मैदानावर आल्या. कधी येत नसत. सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांना चार दिस झालं काळी शी व्हतीया. डांबरागत. अंगात ताकद न्हाय."

सर म्हणाले, "आक्का, घाबरू नका. रक्त पातळ होतंय, घाण बाहेर पडतीय."

आक्का परत गेल्या. सरांवर विश्वास होता. त्यांची दोन्ही पोरं सरांच्याच हातून मॅट्रिक झालेली.

तिसऱ्या दिवशी आप्पा दुसऱ्या फेरीत मैदानावर कोसळले. ओकारी झाली, त्यात रक्त. जवळ कांबळे मॅडमचा दवाखाना होता, तिकडं उचलून नेलं. मॅडमची आई विड्या वळायची. मॅडम एमडी झाल्या आणि बेळगाव सोडून निपाणीतच बसल्या. कुणाची भीड ठेवत नाहीत.

"आप्पा, पूर्वी पोटात अल्सर झालता काय?"

आप्पा कसेबसे म्हणाले, "व्हय की. दहा वर्सं झाली. रक्ताच्या बाटल्या चढवल्या व्हत्या."

मॅडमनी आप्पांच्या खिशातली स्ट्रिप वर धरली. "मग ही गोळी कुणी दिली?"

अण्णांनी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं. मला बघायला कुणी उरलं नव्हतं.

मॅडमनी ॲम्ब्युलन्स बोलावून आप्पांना बेळगावला पाठवलं. मग आमच्याकडं वळल्या. "ज्याला ॲटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, त्याला ही गोळी जीव की प्राण. पण या वयात, अल्सर होऊन गेलेल्या पोटात, वर गुडघ्याच्या गोळ्या! आतून रक्त सुटणारच. हे काय चिरमुरे आहेत होय, मूठ मूठ वाटायला?"

*

आप्पा वाचले. आठ दिवस बेळगावात, बाटल्यांवर बाटल्या. मी पेटून बातमी लिहिली. मॅडमचं सगळं म्हणणं त्यात होतं, ज्याला गरज आहे त्यानं गोळी बंद करू नये, हेही शेवटी होतं. डेस्कनं शेवटचे दोन पॅरा कापले आणि हेडिंग दिलं: "हृदयाची गोळी ठरतेय जीवघेणी!"

पंधरा दिवसांत मॅडमचा फोन. स्टेंट बसवलेल्या एका माणसानं पेपर वाचून गोळ्या गटारात टाकल्या होत्या. छातीत कळ येऊन दवाखान्यात आला होता.

"तुमची पहिली बातमी वाचून एक ॲडमिट झाला, दुसरी वाचून दुसरा. तिसरी लिहायच्या आधी मला फोन करा!"

*

आप्पा घरी आल्यावर आम्ही बघायला गेलो. अंथरुणावर बसून ते म्हणाले, "शिबिरात मला पोटाचं कुणी इचारलंच न्हाय की रं. इचारलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

शिबिराचा फॉर्म त्यांच्या उशाखाली होता. कन्नडमध्ये, निपाणी कर्नाटकात ना! आम्ही कन्नड फडाफडा बोलतो, वाचायची वेळ आली की चष्मा शोधतो. सर चांगलं वाचतात. त्यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. "पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झाला आहे का? नाही, टिक. बीपी, एकशेवीस-ऐंशी."

"बीपी?" आप्पा म्हणाले. "त्यो पट्टा कुणी बांधलाच न्हाय मला!"

डब्याबरोबर आम्हा बाकीच्यांच्या नावाचेही फॉर्म आले होते. सरांनी खिशातून स्वतःचा काढला. टिक. एकशेवीस-ऐंशी. अण्णांचा आणला. टिक. एकशेवीस-ऐंशी. माझा माझ्याच बॅगेत होता, घडी न मोडलेला. आप्पांनी चारही फॉर्म एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. चारही टिकच्या खुणा एका जागी. शेपटासकट.

मी झेरॉक्सवाल्याकडं गेलो. त्याला आठवत होतं. "एक भरलेला फॉर्म आला व्हता. नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी लावलेली. म्हणाले, ह्याच्याच कॉप्या काढ."

"कोण म्हणालं?"

"शिबिराची गर्दी सायेब. तोंड कुठं बघतोय?"

भाऊंना विचारलं. "पेपरवर्क कार्यकर्त्यांनी केलं. आणि आप्पांना फळं पाठवली की आम्ही!" आरोग्य खात्याला लेखी विचारलं. फक्त पोच मिळाली.

आप्पा आता काठी घेऊन कट्ट्यापर्यंत येतात, फेरी मारत नाहीत. भेटलो की तेच विचारतात. "घावला काय रं? ज्याचं पोट एवढं धड हाय, त्या माणसाला मला एकदा बघायचंय."

पट्टीखाली नाव कुणाचं होतं, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.