वळ गावात गरीब मिळेना

केसरीनाथशेठ वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात एका गोदामाचं भाडं गावातल्या गरिबांच्या खेळण्या-पोहण्यासाठी ठेवलेलं निघालं. हायवेजवळच्या क्लबात व्यायामशाळा आहे, पोहण्याचा तलाव आहे. तिथली गरिबांची फी त्यासाठी नेमलेल्या न्यासाने भरायची. दानत मोठी. ज्या तळ्यात अख्खं गाव फुकट पोहायला शिकलं, ते बुजवूनच शेठनी हे गोदाम उभारलं होतं. पण मेलेल्या माणसाला जाब विचारायची आपल्यात पद्धत नाही.

अडचण वेगळीच आली. न्यासाला गरीब मिळेना.

वळमध्ये गरीब असणं हा कायद्याने गुन्हा नाही, पण हळदीला डीजे न लावण्याइतकं ते लाजिरवाणं आहे. जमिनी विकल्या, पैसा आला, गाड्या आल्या, हळदी गाजल्या, पैसा गेला. गाड्या दारातच राहिल्या. नुसतं उभं राहायला पेट्रोल लागत नाही. मग अर्ज करतो कोण? न्यासाचे अध्यक्ष, म्हणजे शेठचे चिरंजीव मनोजशेठ, दरसाल त्याच भाड्यातून स्टेज बांधत, शाल-नारळ देऊन आपल्याच मंडळींचे सत्कार करत आणि गावात एकही गरीब उरला नसल्याचं छाती फुगवून सांगत. टाळ्या पडत.

ठमाबाईला मात्र गुडघे होते. डॉक्टर म्हणाले होते, पाण्यात हालचाल ठेवा, नाहीतर खाट धराल. पोहणं तिला कुणी शिकवायला नको होतं. पोरपणी ती तळ्यात म्हशींबरोबर उतरे आणि म्हशींच्या आधी पलीकडे निघे. प्रश्न क्लबाच्या फीचा होता. मुलगा भाविक दुसऱ्या एका गोदामात सुपरवायझर होता, म्हणजे आपणच विकलेल्या जमिनीवर दुसऱ्याच्या खोक्यांची राखण करत होता. न्यासाच्या अर्जावर घरच्या कर्त्याची सही लागे, आणि भाविक काही सही करेना.

"आये, गावात मी तोंड कसं दाखवू?"

"तोंड तुजं हाय, गुडघं माजं हायत."

यंदाच्या सत्काराला ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. मनोजशेठने माईक घेतला. "सांगायला आनंद होतो, की यंदाही आपल्या गावात एकही गरीब..."

"मी हाय," ठमाबाई खुर्चीला धरून उठली.

"काय काकी?"

"गरीब. लिव माजं नाव."

मांडवात शांतता पसरली. कुणी मेलं असतं तर इतकी पसरली नसती.

"काकी, मस्करी करताव का? भाविकची गाडी बघा केवढी!"

"ती तू घेऊन जा. मना पवायचं हाय."

मागून कुणीतरी ओरडलं, "भाविक, आयेला जेवायला तरी घालतंस ना रं?" मांडव हसला.

त्या हसण्याने डॉक्टरला जमलं नव्हतं ते केलं. दुसऱ्याच दिवशी भाविकने गळ्यातली सोन्याची जाडजूड साखळी मोडली, हुबेहूब तसलीच खोटी गळ्यात घातली आणि क्लबात जाऊन आईची फी भरून आला. गाडी विकता आली असती, पण ती दिसते. आपला मुलगा श्रीमंत झालेला नाही, नुसता घाबरलेला आहे, हे ठमाबाईला कळलं. पण तिला पाणी हवं होतं.

न्यास मात्र गहिवरला. आईसाठी एवढं करणारा मुलगा गावात आहे म्हटल्यावर मनोजशेठने खास समारंभ ठेवला. पुन्हा स्टेज, भाविकच्या गॉगलातल्या फोटोचा बॅनर, 'आदर्श पुत्र' पुरस्कार. गरिबांच्या पोहण्याच्या पैशातून भाविकला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि खोट्या साखळीवर खरा हार पडला.

ठमाबाई त्या वेळी क्लबाच्या तलावात पाठीवर पडून होती. अंगात पोहण्याचा घट्ट, परका पोशाख, आणि गुडघ्यांना कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणाचा भार नव्हता.

"आजी, बॅच संपली, बाहेर या," काठावरून शिकवणारी मुलगी म्हणाली.

"संपू दे," ठमाबाई म्हणाली, आणि पालथी होऊन दुसऱ्या टोकाकडे निघाली.