बंदरावरची रांग, इंझोरीत

विमानतळावर पासपोर्टावर शिक्का बसला, शाईचा वास आला, आणि मला इंझोरीच्या बौद्धवाड्यातलं आमचं अंगण आठवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर मोठा भाऊ मुंबई बंदरावर लागला होता. जहाजातून उतरणाऱ्या गोऱ्यांचे पासपोर्ट तपासून तो शिक्के मारायचा. सुट्टीत आला तेव्हा वडील म्हणाले, "दाखव बरं, तू तठी करतं तं काय!" मग ओट्याचं जहाज झालं, सारी वस्ती उतरून रांगेत लागली. भाऊ खुर्चीत बसून विचारी, "कुठून आले? काहून आले?" आणि शाईत बुडवलेलं बूच मनगटावर उमटवी. तेवढ्यात गावचे पाटील आले. त्यांच्या ओट्याखाली वडील जन्मभर उभे राहिले होते. पाटील सवयीनं थेट पुढं गेले. वडील खणखणीत बोलले, "पाटील, मधी नोका घुसू, लाइनीत या!" पाटील मुकाट माझ्यामागं येऊन उभे राहिले. कुठल्याही रांगेत मी अजून एकदा तरी ऐटीत मागं वळून पाहते.