आधी माझं दळा

पांडेसऱ्यात आमच्या गल्लीतले चक्कीवाले काका चक्की बंद असली तरी ओरडूनच बोलतात. भुवया पिठानं पांढऱ्या, आणि समोर म्हातारी असो की पोरगी, सगळ्यांना भाऊ समजून "ऐक भो!" त्यांची ही नक्कल मी घरी रोज करतो.

परवा भाचीला घेऊन दळणाला गेलो. रांगेतला एक माणूस म्हणाला, "काका, त्या मुसलमान बाईच्या आधी माझं दळा." बाई डबा धरून पुढेच उभी.

भाचीनं विचारलं, "का?"

"ऐक भो, त्यांचा देव वेगळा," काकाच ओरडले.

"मग गहू पण वेगळा?"

"गहू तोच गं!"

"मग भांडण कशाचं?"

"अगं माय, डोकं नको खाऊ!" काका वैतागले आणि त्याच वैतागात त्यांनी बाईचंच दळण ओतलं. नंबर तिचाच होता. तो माणूस फुगून बाहेर जाऊन उभा राहिला.

त्याचं दळण घ्यायच्या आधी काकांनी चक्कीची पीठ पडायची कापडी नळी काठीनं अशी बडवली, की आम्ही सगळे खोकलो.

भाची वाकून म्हणाली, "काका, तिचं थोडं राहिलंच की आत."

काका पहिल्यांदाच हळू बोलले, "राहतंच भो. रोज सगळ्यांचं सगळ्यांत जातं. त्याला नको सांगू."