चढावर लावलेला हात

आता तुम्ही तरी ऐकून घ्या, कारण आमच्या गल्लीत एकाही बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला नाही. आठवडाभर घसा फोडून सांगत होते, मी गाडी ढकलली नाही, नुसता हात लावला. तर शेजारची इंदूबाई काय म्हणते, "तुमचा नुसता हात माहितीये आम्हाला. परवा नळाला नुसता लावला, तर तोटी उपटून आली."

बोला आता.

झालं असं. आमच्या ह्यांचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. पर्वत पाटियाजवळ कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालायचं काम. इतकी वर्षं हातानं फिरवायच्या तीनचाकी सायकलवर जायचे. वाटेत पुलाचा चढ. हे पुढून हात फिरवणार, मी मागून ढकलणार. मग मी पायी घरी. संध्याकाळी पुन्हा आणायला. चढ दिसला की माझे हात आपोआप पुढं होतात, त्याला मी काय करू?

यंदा मात्र स्कूटर घेतली. गॅरेजवाल्या रमजानभाईनं मागच्या चाकाला दोन्हीकडून एकेक चाक बसवून दिलं. हे तिच्यावर असे बसले जणू घोड्यावरचा नवरदेव. मार्केटवाल्यांनी सांगितलं, लायसन्स आणा, लिफ्टजवळची चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेली जागा तुमच्या गाडीला. तेव्हापासून ह्यांचं एकच पालुपद. "आता तू घरी राहा. माझा मी जाईन."

ऐकून बरं वाटलं. आणि नाही पण वाटलं.

परीक्षेच्या दिवशी रमजानभाई गाडी घेऊन आरटीओत आला. मी झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. साहेब तरुण गुजराती पोरगा, चष्मेवाला. ह्यांना विचारतो, "नाम?" मी सांगितलं. "काम क्या करते हो?" मी सांगितलं. "गाडी चलाने में तकलीफ?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

साहेबानं पेन खाली ठेवलं. "बेन, भाई बोले छे के नहीं?"

"बोलतात ना. पण त्यांना वेळ लागतो. तुम्हाला घाई असेल."

हे मिशीत हसत होते. मला दोरीच्या अलीकडं उभं केलं. साहेब पलीकडच्या टोकाला टेबल टाकून बसला, पुढ्यात चहा. ह्यांना त्यानं काहीतरी समजावलं. मला ऐकू आलं नाही, कारण रांगेत घुसणाऱ्या एका माणसाला मी तेव्हा वळण लावत होते.

हे निघाले. काय सांगू तुम्हाला! लाल शंकू मांडलेले, त्यांच्यामधून अशी गाडी नेली, अशी नेली, की एकालाही शिवली नाही. मी शेजारच्या बाईला कोपर मारून मारून दाखवलं, "आमचे हे. आमचे हे." ती बिचारी लांब जाऊन उभी राहिली.

मग आला चढ. सिमेंटचा, छोटासाच. हे अर्ध्यावर गेले आणि थांबले.

थांबले म्हणजे थांबलेच. एवढी वर्षं ज्या माणसाला मी चढावर कधी अडकू दिलं नाही, तो सगळ्यांसमोर अडकला? दोरीखालून वाकले आणि पळत सुटले. चपला तिथंच राहिल्या. मागून दोन्ही हात लावले, खांदाही लावला. गाडी हलेना.

"अगं सोड, ब्रेक लावलाय मी," हे ओरडले.

"मग काढा ना तो."

आता ह्यांची सवय अशी, की मी सांगितलं की करायचं. काढला ब्रेक. वर घाबरून गाडीचा कानही पिळला. माझा जोर आणि गाडीचा जोर! चढ ओलांडून गाडी जी उतरली ती शेवटचे दोन शंकू उडवून साहेबाच्या टेबलाला टेकली. चहा साहेबाच्या मांडीवर.

साहेब उठला. शांतपणे पॅन्ट झटकली. "बेन, परीक्षा कोनी छे?"

"ह्यांची."

"तो तमे केम दोड्या?"

"माणूस चढावर अडकला तर बघत बसू का?"

"अडक्या नथी. में ज कह्युं, त्यां ऊभा रहो."

म्हणजे चढावर थांबायला साहेबानंच सांगितलेलं! आता हे मला कोणी सांगायला नको? मी साहेबाला चांगलं सुनावलं. चढ काय थांबायची जागा आहे? साहेबानं सगळं ऐकलं आणि ह्यांना म्हणाला, "आवता अठवाडिये आवजो. बेनने घेर मूकीने." म्हणजे पुढच्या आठवड्यात या, पण मला घरी ठेवून!

घरी येऊन मी रमजानभाईला फैलावर घेतलं. ब्रेक कच्चे बसवले म्हणून माणूस नापास झाला. तो म्हणाला, "मावशी, ब्रेक कच्चा असता तर तुम्ही ढकलल्यावर गाडी हलली असती. तुमच्यानं हलली नाही, म्हणजे बघा."

तरी गल्लीभर मी ब्रेकचंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात हे रमजानभाईबरोबर गेले. मी दारात. दुपारी हॉर्न वाजला. एकटे, स्वतः चालवत आले! आमच्या दाराशी जरा चढ आहे. माझे हात निघालेच होते, पदरात गुंडाळून धरले. हे चढले आरामात.

सासूबाईंनी पेढे वाटले. गल्ली गोळा झाली. तेवढ्यात सासूबाईंना काय आठवावं, पोराच्या तोंडावरून हात फिरवत विचारतात, "मंग मांगे कोनापायी नापास व्हयना व्हता भाऊ तू?"

"रमजानभाईपायी," मी घाईनं म्हटलं.

"तुम्हाला नाही विचारलं," इंदूबाई म्हणाली. "त्यांना बोलू द्या."

सगळ्या बाया ह्यांच्याकडं बघायला लागल्या. आमच्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, नंतर सगळा संसार 'अगं'वर झाला. ह्यांनी पेढा गिळला. माझ्याकडं पाहिलं. वेळ लागतो म्हटलं होतं ना मी, तेवढा घेतला. आणि भर गल्लीत, आईसमोर, खणखणीत आवाजात म्हणाले,

"सुमन."