गाळातून घराकडे गेलेली पावलं

मी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस आहे. कॉइल जळली की मोटार बंद पडते, त्यात भुताखेताचा हात नसतो, हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. कुणाला बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवायला घेतलं की पहिली टिंगल माझी. तेव्हा असल्या गूढ अनुभवांच्या सदरात मी लिहितोय हे कळलं तर लोक आता माझी टिंगल करतील. करू देत.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, येलदरी धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर. दुकान तालुक्यातल्याच गोरेगावात. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. स्कॉटलंडमधल्या एका लांबलचक तळ्यावर दोन गोरे म्हातारे हॉवरक्राफ्ट घेऊन कोपरा न् कोपरा धुंडाळत होते. पाणी, दलदल, गोटे... सगळ्यावरून सारखंच तरंगत जायचं. माझी झोप उडाली. त्यांच्याकडे तळं, तर आमच्याकडे बॅकवॉटर आहे की! प्लायवूड, खाली ताडपत्रीचा घेर, भंगारातल्या पॉवर टिलरचं इंजिन आणि हवा दाबायला घरी बनवलेला पंखा. सहा महिन्यांत गाडी तयार. गावानं तिचं नाव ठेवलं ‘परात’. बायको पाहुण्यांना सांगायची, “हे परात उडवतात, भाकरी मीच थापते.”

गेल्या उन्हाळ्यात पाणी खूप मागं हटलं होतं. मध्ये जुन्या गावठाणाचा उंचवटा उघडा पडला होता, त्यावर हिरवं गवत. काठापासून तिथपर्यंत नुसता गाळ. वरून वाळून भेगाळलेला, आत लोण्यासारखा. मी भर दुपारी तीन वाजता काठावर परात सुरू करत होतो, तेवढ्यात गयाबाई वहिनी पळत आली. सोपानची बायको. सोपान माझा शाळेपासूनचा दोस्त, मेंढपाळ. उन्हाळाभर त्यांची मेंढरं काठावरच बसलेली असायची.

“भाऊजी, हे सकाळधरनं दिसून न्हाई राहिले,” ती म्हणाली. “मी कळप घेऊन पलीकडं व्हते. आता आले तर तीन मेंढरं गाळाकडनं एकटीच आली.”

गवताच्या आशेनं मेंढरं गाळावर गेली असणार आणि सोपान त्यांच्या मागं. मेंढपाळाचा पाय मेंढरांच्या मागावरच पडतो. जिथून कळप गेला ती जमीन पक्की, असं त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं गणित. माळावर ते बरोबर आहे. धरणाच्या गाळावर मेंढराचं वजन पेलतं, माणसाचं पेलत नाही.

वहिनीला पुढं बसवलं आणि निघालो. अर्धा किलोमीटर काठाकाठानं गेल्यावर तिनं हात वर केला. गाळावर पावलं होती. अनवाणी, एका सरळ रेषेत, आतून काठाकडे आलेली. मी इंजिन बंद केलं.

“यांचाच माग हाय,” ती म्हणाली. “डाव्या पायाची करंगळी बघा, उचललेली ऱ्हाती.”

मला एवढं हायसं वाटलं की मी हसलो. “मग सुटला की वहिनी. घरी गेला असेल. चला.”

ती हलली नाही. वाकून बघत होती. बाजूला मेंढरांचे खूर चार बोटं आत गेलेले, आणि सत्तर किलोच्या माणसाची पावलं नुसती वर उमटलेली... सायीवर बोट टेकवावं तशी. मी परातीत ठेवलेला बांबू गाळात घातला. आठ फुटांचा बांबू, न दाबता पूर्ण आत गेला.

“कोकरू एकटं आलं तर आदी ते जिथनं आलं तिथं जावं लागतंय, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “माघारी चला.”

मी घरी जाऊ म्हणत होतो, हे आठवलं की आजही घाम फुटतो. जाण्याआधी मी मोबाइलवर पावलांचे फोटो काढले. मग तो माग उलटा धरून आत गेलो. उंचवट्याच्या अलीकडे पावलं जिथून सुरू झाली होती, बरोब्बर तिथे सोपान होता. खांद्यापर्यंत गाळात. डोळे मिटलेले, ओठ फाटलेले, पण श्वास चालू. त्याच्या भोवतीचा गाळ जराही विस्कटलेला नव्हता. तो तिथून बाहेर पडलेलाच नव्हता.

प्लायवूडवर पालथं पडून आम्ही दोघांनी हातांनी गाळ उपसला. तास गेला असेल. वर काढून पाण्याची बाटली तोंडाला लावली तर त्यानं तोंड फिरवलं. “आता तं पेलो की,” म्हणाला. उन्हानं डोकं फिरलंय असं मी समजलो. तिघांच्या वजनानं परात जेमतेम उठत होती, पण आणली काठाला.

दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळी जीपमधून परत येताना सोपान बोलला. सकाळी मेंढरांमागं तो दुसऱ्या बाजूच्या घट्ट पट्ट्यावरून आत गेला आणि आठपासून तिथंच रुतलेला. दुपारी त्यानं आशा सोडली, डोळे मिटले आणि मनातल्या मनात घरी चालायला लागला. एकेक पाऊल. गाळ, काठ, बाभळी, मारुतीचा पार, घर. मायनं लोटाभर पाणी दिलं. “लई गार व्हतं,” म्हणाला. वहिनी रडायला लागली. मी म्हणालो, उन्हानं होतं असं. तेवढं मला पटतही होतं.

त्याच्या मायला आम्ही काहीच कळवलं नव्हतं. म्हातारी दारातच बसली होती. लेकाला बघून चिडली.

“दुपारी येऊन गेलास ते आता उगवून राहिला व्हय? छातीपस्तोर गाळ घिऊन आलास, घटाघटा पाणी पेलास. म्या म्हणलं, बस, भाकर खा. तर म्हनं, न्हाई माय, जातो. तिथं मी एकटाच हाय.”



फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. ओळखीच्या इंजिनिअरला दाखवले, तो म्हणाला गाळ जागोजागी घट्ट असू शकतो. असेल. मग म्हातारीनं पाणी कुणाला दिलं? आणि एक गोष्ट मला जास्त छळत होती. पावलं फक्त घराकडे जाणारी होती, परतीचं एकही नव्हतं. शेवटी न राहवून मी सोपानला विचारलं, की दुपारनंतर तुझ्यापाशी कुणी आलं होतं का.

तो मेंढरांकडे बघत होता. “व्हय की,” म्हणाला. “मीच आलो माघारी. तुमी येईपस्तोर माझी हनुवटी वर धरून बसलो व्हतो.”

मोटार का बंद पडली हे मी उघडून सांगू शकतो. याचं मला आजही काही सांगता येत नाही.